माझ्या चाकाखालचा दगड

मित्रांनो, रस्त्याने जाताना तुम्ही मला शंभर वेळा पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. तुमची नजर जाते ती ट्रॅक्टरवर. त्याच्या मागे हुकाला अडकून, धूळ खात, खडखडत जी येते ती मी. ट्रॉली. सोळा वर्षांची आहे, पण आम्हा ट्रॉल्यांमध्ये एवढ्या वयाला म्हातारीच म्हणतात.

झाशीत, सीपरी बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका वेल्डिंगच्या दुकानात मला घडवलं. घडवणाऱ्याने तळाला जाड पत्रा घातला, मागच्या फाळक्यावर मोरांची जोडी रंगवली आणि दोन्ही कोपऱ्यांवर लाल चमकणाऱ्या तबकड्या बसवल्या. "अब पीछे वाला अंधा होगा तभी ठोकेगा," असं म्हणून त्याने हात पुसले. कानात डूल घालून लेकीला सासरी पाठवतात, तशी मी तिथून निघाले.

सासर मिळालं ते बबीनाच्या रस्त्यावरचं. शशिकांतराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि कांचनकाकूंनी तिथे थोडी जमीन घेतली आणि मला आणलं. पहिल्यांदा मटार घेऊन मंडईला निघाले तेव्हा काकूंनी मला हळदकुंकू लावलं होतं. मग गहू, भुईमूग, शेणखत, विटा, कोणाच्या लग्नाची भांडी, जे येईल ते वाहिलं. कौतुक हळूहळू आटलं. पाचव्या वर्षी एक तबकडी फुटली, सातव्या वर्षी दुसरी. "या दसऱ्याला लावून घेऊ," असं शशिकांतराव म्हणत. असे नऊ दसरे गेले.

ट्रॅक्टर चालवतो जयसिंग. तो बुंदेली माणूस. धन्याच्या घरात मराठी, ड्रायव्हरच्या तोंडी बुंदेली आणि हिंदी, त्यामुळे मला सगळंच समजतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते दोन भाषांच्या मधल्या फटीत झालं, आणि त्याचा राग अजून माझ्या सांध्यासांध्यात बसला आहे.

गेल्या जानेवारीत झाशीतल्या एका शाळेची अकरावीची मुलं शेत बघायला आली. एकतीस मुलंमुली आणि त्यांचे दिवाकर सर. सर झाशीतल्याच प्रेम नगरचे. घरी मराठी बोलणार, शाळेत शुद्ध हिंदी. रस्ता सुरक्षेचा महिना चालू होता, म्हणून एका सहलीत दोन कामं उरकायची होती, आधी सुरक्षेवर भाषण आणि मग शेतीचे धडे. बस कच्च्या वाटेवर उतरेना, म्हणून ती हमरस्त्यालाच थांबली. तिथे जयसिंग मला घेऊन उभा होता.

सरांनी भाषण दिलं ते माझ्यावर उभं राहून. माझा मंच केला होता म्हणा ना. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवू नका, मालाच्या गाडीत माणसं भरू नका, उलट्या बाजूने वाहन हाकू नका. शब्द सगळे सोन्यासारखे. मुलांनी छापील कागद वाचत, उजवा हात पुढे करून शपथ घेतली. मला वाटलं, चला, कोणीतरी आपली बाजू मांडतंय.

शपथ संपली आणि सर म्हणाले, "चलो बच्चों, ट्रॉली में चढ़ जाओ. सट-सट के बैठना."

दोन वेण्यांची एक मुलगी खालीच उभी राहिली. तिचं नाव चारुता. झाशीत सहा पिढ्या काढलेल्या मराठी घरातली. "सर, पण ही मालाची गाडी आहे ना? अभी तो आपने बोला."

"चारुता, हर बात में वकील मत बनो. दोन किलोमीटर तर आहे," सर म्हणाले, आणि स्वतः ट्रॅक्टरच्या मडगार्डवर जाऊन बसले. पलीकडच्या बाजूला जायचं वळण लांब होतं, म्हणून जयसिंगने उलट्या बाजूनेच घेतलं. समोरून एक ट्रक भोंगा वाजवत अंगावर आला. एकतीस जणांनी माझे कठडे घट्ट धरले. त्यांच्या हातांना घाम फुटलेला मला कळत होता. शपथेचे कागद त्याच हातांत होते.

शेतावर मात्र छान गेलं, ते नाकारणार नाही. शशिकांतरावांनी मटाराचं एक रोप अलगद उपटून मुळावरच्या बारीक गाठी दाखवल्या. या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र रोपाला देतात, म्हणून मटारानंतर जमीन तृप्त होते, असं समजावलं. मुलांनी माती मुठीत दाबून ओल ओळखली. एका मुलाने कच्च्या शेंगा खिशात भरल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, "भैया, खिसा फाटेल, पिशवी ने." माझा राग थोडा निवळला.

पण सरांना शाळेसाठी फोटो हवा होता. त्यांनी लाल चमकपट्टीची गुंडाळी आणली होती, ती माझ्या फाळक्यावर चिकटवतानाचा फोटो. नऊ वर्षांनी मला कोणी लाल काही घालत होतं. मी मोहरून गेले, खोटं कशाला बोलू. फोटो झाला, मुलं मटाराच्या वाफ्याकडे पळाली. पट्टी वाकडी लागली होती, म्हणून सर आणि चारुता ती सरळ करायला मागे राहिले. तेवढ्यात गुंडाळी सरांच्या हातून निसटली आणि घरंगळत माझ्या पोटाखाली गेली. सर गुडघ्यांवर बसून आत वाकले. एक पाय माझ्या टायरच्या मागे पसरला होता.

मी उतारावर उभी होते. उतारावर चाकाला दगड लावायचा, हा जयसिंगचा रोजचा नेम. त्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत त्याने तो लावला नव्हता. आता त्याला मला मागे घेऊन मटाराच्या पोत्यांजवळ लावायचं होतं. त्याने इंजिन चालू केलं आणि सीटवरूनच, मान न वळवता, चारुताला हाक दिली, बुंदेलीत पोरीला 'बिन्नू' म्हणतात तशी, "काय बिन्नू, सब उतर गए? ट्रॉली खाली है?"

चारुताने सर वाकलेले पाहिले, इंजिन ऐकलं, आणि तिच्या तोंडून घरचा शब्द निघाला. घाबरलेल्या माणसाला शिकलेली भाषा आठवत नाही. ती ओरडली, "खाली. सर खाली, खाली."

मित्रांनो, तुम्हाला आणि मला कळलं, सर खाली आहेत. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामी. जयसिंगला ऐकू आलं, "रिकामी आहे, सर, रिकामी." त्याने मला मागे रेटलं.

मी थांबू शकत नव्हते. मला ब्रेक नाहीत. माझं चाक सरांच्या बुटाच्या टोकावर चढलं. त्याच क्षणी चारुताने बांधावरचा दगड दोन्ही हातांनी उचलून माझ्या चाकामागे कोंबला. तिची बोटं सोलवटली. चाक दगडावर अडलं, इंजिन गुरगुरलं आणि जयसिंगने ब्रेक दाबला. तो दगड नसता तर चाक सरांच्या घोट्यावरून गुडघ्यापर्यंत गेलं असतं. सरांच्या पायाची दोन बोटं मोडली, तेवढ्यावर निभावलं.

आता तुम्ही म्हणाल, त्या मुलीचं सगळ्यांनी कौतुक केलं असेल. सरांना उचलून नेताना ते काय बोलले ते ऐका. "हिंदी में नहीं बोल सकती थी? खाली-खाली चिल्ला रही थी."

झालं. सगळ्यांच्या तोंडी तेच. वर्गात तिचं नाव 'खाली' पडलं. ती शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकाची प्रमुख होती, तिथून तिला काढलं. शाळेने अहवाल केला, अपघात झाला तो 'छात्रा के गलत शब्द के कारण'. म्हणजे ट्रॉलीत एकतीस मुलं बसवली ती शब्दाने, उलट्या बाजूने नेली ती शब्दाने, दगड लावला नाही तोही शब्दाने. काकूंची आणि चारुताच्या आईची ओळख होती. काकू एकदा सांगत होत्या, पोरगी घरात मराठी बोलायची बंद झाली आहे. आई विचारते मराठीत, ती उत्तर देते हिंदीत, तेही मोजकं. हे ऐकून माझा पत्रा तापला. भर जानेवारीत.

तीन आठवड्यांनी शाळेच्या प्राचार्या मॅडम शेतावर आल्या. बरोबर प्लास्टरमधले सर आणि चारुता. अहवालावर शशिकांतरावांची सही हवी होती आणि चारुताने माफीनामा सगळ्यांसमोर द्यायचा होता. टेबल नव्हतं, म्हणून दोन्ही कागद माझ्या उघड्या फाळक्यावर ठेवले.

"साइन कर दो बेटा, बात खत्म," मॅडम म्हणाल्या.

चारुताने पेन घेतलं. बोटांवर खपल्या होत्या. तेवढ्यात कडेला उभा असलेला जयसिंग पुढे आला.

"मैडम जी, हम पढ़े-लिखे नईं हैं. बिन्नू ने जौन कई सो कई. पाछें देखबो हमाओ काम हतो. हम उतरे नईं." पोरीने म्हणायचं ते म्हटलं, पण मागे बघणं त्याचं काम होतं, असं सांगून तो माझ्या चाकाजवळ वाकला. तो दगड त्याने तिथेच ठेवला होता. टायरची नक्षी त्याच्यावर उमटलेली होती. "और जो पथरा हमने नईं धरो तो. पहिया के तरें कीने धरो?"

दगड त्याने लावलाच नव्हता, मग चाकाखाली तो कोणी लावला, एवढंच तो विचारत होता.

शशिकांतरावांनी चष्मा काढला. "छत्तीस वर्षं मी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे बघण्याचं काम केलं. आणि माझ्याच शेतावर मागे कोणी बघितलं नाही. ट्रॉलीत मुलं बसवायला मीच हो म्हटलं होतं. मॅडम, हे लिहा, मग सही करतो."

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. कप सरांच्या हातात देत त्या शांतपणे म्हणाल्या, "दिवाकरजी, गणपतीत आमच्याकडे येऊन पाच आरत्या तोंडपाठ म्हणता. तेवढं 'खाली' कळलं नाही होय तुम्हाला?"

सरांनी कप खाली ठेवला. "कळलं होतं." मग चारुताच्या बोटांकडे बघत म्हणाले, "दगड हिने लावला. मी हात पाहिला होता."

चारुताने त्यांच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती मराठीत बोलली. "मग इतके दिवस, सर?"

सरांनी पेन मागितलं आणि माझ्या फाळक्यावर टेकून नवा अहवाल लिहायला घेतला. जयसिंगचं नाव आलं, शशिकांतरावांचं आलं, स्वतःचंही आलं. ट्रॉलीत मुलं बसवल्याचं वाक्य आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ये लिखना ज़रूरी है?"

"वहीं से तो शुरू हुआ था, मैडम," चारुता म्हणाली. ते वाक्य राहिलं.

तिचं पद तिला परत मिळालं. जयसिंग आता मला हलवण्याआधी उतरून भोवती फेरी मारतो. शेजारचे हसतात, "काय जयसिंग, परिक्रमा कर रए?" तो त्यांना हसू देतो. पण चारुताची माफी मात्र कोणी मागितली नाही. माफीचा कागद तयारच होता, फक्त नावांची अदलाबदल करायची होती. मॅडमनी तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

मित्रांनो, मी मालाची गाडी आहे. मटार घाला, विटा घाला, शेणखत घाला, माझी तक्रार नाही. लादलेलं ओढत नेणं हाच माझा जन्म. पण माझ्यात माणसं लादू नका, आणि आपली चूक दुसऱ्याच्या पोरीवर लादू नका. तसं करावंसं वाटलं, तर आधी सीटवरून उतरा, एक फेरी मारा, आणि मागे कोण आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.