शेवंड नांगी कुणाला दाखवते?

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर धुकं असं पडतं की माणसं आरशापुढे उभी राहून विचारतात, कोण आहे? तिथल्या एका बेटावरच्या सागरी संशोधन केंद्रात एल्विरा ऊर्फ एल्वी पिन्कमनं उभी हयात एका टाकीशेजारी काढली होती. टाकीत एक निळसर शेवंड, म्हणजे लॉबस्टर. एवढी थोरली, की तिची मिशी हलली तर बंदरातले खलाशी होड्यांचे दोर तपासत. तिचं नाव गव्हर्नर. नावाला भुलून सगळे तिला 'तो' म्हणत.

एल्वीचा दावा असा: गव्हर्नर माणूस ओळखतो. ती टाकीशी आली की तो उजवी नांगी वर करतो. दुसरं कुणी आलं तर ढिम्म.

शनिवारच्या वार्षिक बैठकीत हा दावा मांडायचा होता. टिकला तर टाकीची खोली तिच्याकडे राहणार, पडला तर खोली जाणार आणि गव्हर्नर समुद्रात. आणि खरं सांगायचं तर, तिला रोज बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

केंद्रात एक जुनी रीत होती. बैठकीआधी आपला दावा आपल्या सगळ्यात खाष्ट टीकाकाराच्या हवाली करायचा आणि त्यानं तो जीव तोडून मोडायचा. याला ते 'मोडणी' म्हणत. मवाळ माणूस निवडणाऱ्याला लोक वर्षभर तोंडावर हसत. एल्वीनं निवडलं रोलंड थिबोडोला. शेजारच्या खोलीत शिंपल्यांवर काम करणारा रोलंड म्हणजे स्वतःच्या आईच्या वाढदिवसालाही जन्माचा पुरावा मागणारा गृहस्थ.

"चेहरा ओळखतो म्हणतेस?" तो म्हणाला. "मग चेहराच काढून घेऊ."

"घे बाबा. तसाही त्याचा मला फारसा उपयोग झाला नाही."

केंद्रातल्या सगळ्यांना सारखे पिवळे रेनकोट, सारखे मुखवटे. क्रम चिठ्ठ्या टाकून. एकेकानं बोळातून आत जायचं आणि टाकीशी उभं राहायचं. रोलंड पडद्याआडून फक्त नांगी बघणार. कोण आलं हे त्याला कळू द्यायचं नाही. कारण एकदा कळलं की डोळे मनाला हवं तेच बघतात, मग ते रोलंडचे का असेनात.

नांगी वर झाली ती एल्वीच्याच पाळीला.

"वास येत असेल," रोलंड म्हणाला. सगळ्यांनी अंगाला हेरिंग मासा चोळला. बेटावरची झाडून सगळी मांजरं दाराशी येऊन बसली, पण नांगी एल्वीलाच.

"मग चाल ओळखत असेल." सगळ्यांनी पायांना उशा बांधल्या. नांगी एल्वीलाच.

शुक्रवारी दुपारी रोलंडनं हात टेकले. "जिंकलीस बाई. माझ्याकडे फेकायला आता दगडसुद्धा उरला नाही."

दुसरं कुणी असतं तर घरी जाऊन सुखानं झोपलं असतं. एल्वी टाकीशी बसून राहिली. 'तो मला ओळखतो' हे तिला फार आवडत होतं, आणि जे फार आवडतं त्याचीच तिला धास्ती.

"रोलंड, आपण सगळ्यांना आत पाठवून बघितलं. कुणालाच न पाठवता बघितलं का?"

"कुणीच गेलं नाही तर बघायचं काय?"

"तेच बघायचं."

रोलंड पुटपुटत पडद्याआड बसला. एल्वी रेनकोट चढवून बोळात शिरली, नेहमीसारखी दारापर्यंत गेली आणि थांबली. आत पाऊल टाकलं नाही.

"आलीस ना?" आतून रोलंडनं विचारलं. "नांगी वर आहे."

"मी बाहेरच आहे."



आपण आत्ता काय काय केलं ते एल्वीनं उलट आठवलं. दार. बोळ. बोळाच्या तोंडाशी भिंतीतला मोठा पंखा. त्याची घरघर तिच्या कानाला सोसत नसे; आत जाताना ती तो बंद करी, बाहेर येताना चालू. चाचणीतही हात ते आपणहून करत होता, डोक्याला विचारत नव्हता. जाड भिंतीमुळे घरघर आत ऐकू जात नसे, पण फरशीतली थरथर पाण्यात उतरत असावी.

तिनं पंखा चालू केला. "खाली," रोलंड म्हणाला. बंद केला. "वर." मग त्याला बोळात पाठवून ती पडद्याआड बसली. पंखा कधी बंद करायचा ते त्याच्या मर्जीवर. त्यानं केला, आणि गव्हर्नरनं त्यालाही सलाम ठोकला.

रोलंड आत येऊन तिच्याशेजारी बसला. "हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे."

"उद्या सगळ्यांना होईल."

"खोली जाईल, एल्वी."

"जाईल." तिनं रेनकोट काढून खुंटीला लावला.

शनिवारी, बैठकीच्या जेवणाची घेवड्याची हंडी टेबलावर यायच्या आधी, एल्वी उभी राहिली. "गव्हर्नर मला ओळखत नाही," ती म्हणाली. "तो पंखा बंद झालेला ओळखतो." आणि आपला दावा कुठे, कसा पडला ते तिनं काही न लपवता सांगितलं.

केंद्रप्रमुख कुशमनबाई, ज्यांच्या कपाळावरची आठी हलवायला मोठी भरती लागे, त्यांनी विचारलं, "मोडणी रोलंडनं केली?"

"त्याला नाही जमली. मला करावी लागली."

मागच्या बाकावरची म्हातारी मंडळी उभी राहिली, मग सगळेच. या केंद्रात खऱ्या ठरलेल्या दाव्यालाही लोक बसूनच टाळ्या वाजवत.

"पण नियम तो नियम," कुशमनबाई म्हणाल्या. "खोली आता रोलंडच्या शिंपल्यांना."

रोलंडचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, मला खोली नको. तो पंखा माझ्याही भिंतीला लागून आहे. शिंपले भरती ओळखून तोंड उघडतात असं मी तुम्हाला सांगत आलोय. आणि एल्वी टाकीशी जाते ती भरतीच्या वेळीच, ताजं पाणी भरायला."



"म्हणजे?" कुशमनबाईंनी विचारलं.

"म्हणजे शिंपलेही भरती नाही, पंखाच ओळखत असतील. माझंही सगळं पहिल्यापासून तपासायला हवं. आणि ते मी तपासलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. ही इथंच हवी. टाकीसकट, शेवंडीसकट."

कुशमनबाई एल्वीकडे वळल्या. "करशील?"

"करीन. पण हा मधे बोलणार नाही."

"सुरुवात कधी?" रोलंडनं विचारलं.

एल्वीनं ताट पुढं ओढलं. "आधी घेवडा. उपाशीपोटी मला सगळंच खोटं वाटतं."