मागीलप्रमाणे

मित्रांनो, मी एक जुनी ठराववही आहे, कवठे येमाईच्या रुग्णसेवा मंडळाची. गावात मला सगळे 'प्रोसिडिंग' म्हणतात. लाल कापडी पुठ्ठा, दोनशे पानं आणि पहिल्या पानावर हळदीकुंकवाचा डाग, असा माझा थाट होता.

आमचं मंडळ म्हणजे पगाराशिवाय राबणारी माणसं. आजाऱ्याच्या घरी खाट न्यायची, वॉकर द्यायचा, धाप लागली तर ऑक्सिजनचा सिलिंडर पोचवायचा. सुरुवातीला दर महिन्याला शाळेच्या ओट्यावर बैठक भरायची. लोक भांडायचे, चहा प्यायचे, पुन्हा भांडायचे, आणि शेवटी कामं वाटून घ्यायचे. 'सिलिंडर भरून आणणे : आण्णा' हे माझ्या पानावर पहिल्यांदा लिहिलं गेलं, तेव्हा आण्णा म्हणाले होते, "माझ्या नावावर हाय म्हंजी झालं म्हणून समजा." आणि खरंच व्हायचं. ते टेम्पोत घालून कारेगावला जात आणि संध्याकाळच्या आत भरलेले सिलिंडर कपाटाशी उभे असत. पाहुणे आले की मला पुढे करून दाखवायचे. मी तेव्हा भारी ऐटीत होते, खोटं कशाला बोलू!

पुढे बैठकीला माणसं येईनात. अध्यक्ष हौसराव म्हणाले, "कशाला समद्यांना तरास? वही फिरवा, सह्या घ्या." मग सचिव ज्ञानू मला पिशवीत घालून घरोघर हिंडू लागला. लिहिताना तो मागचं पान उघडून ठेवायचा. हजेरीची नावं तीच उतरवायचा आणि कामांसमोर एकच शब्द टाकायचा, 'मागीलप्रमाणे'. मलाही तो शब्द आवडायचा. शाई वाचायची ना!

दोन वर्षांपूर्वी आण्णा वारले. मंडळाची सगळी माणसं दहाव्याला जाऊन आली. आण्णांच्या पत्नी वच्छलाबाईंना सभासद करून घेतलं. पण आण्णांचं नाव कमी करायचा ठराव कुणी मांडलाच नाही. पुढच्या महिन्यात ज्ञानूनं मागचं पान उघडलं आणि हजेरीत नाव उतरवलं : आण्णा. कामं मागीलप्रमाणे.

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगताना माझी शिवण आजही सैल होते.

ज्ञानूनं वच्छलाबाईंच्या ओसरीवर मला ठेवलं. बाईंनी सही केली आणि त्या पाणी आणायला आत गेल्या. ज्ञानू अंगणात फोनवर बोलत होता. त्या वेळी माझ्यावर कुणीतरी सही केली. आण्णांचीच सही, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. मला सगळ्यांचे हात ठाऊक आहेत. हौसराव असे रेटून लिहितात की खालच्या तीन पानांवर वळ उठतात. या सहीनं पान जरासुद्धा दबलं नाही. शाई तेवढी उमटली, आणि ती गार होती. मला मिटून घ्यावंसं वाटलं, पण वहीला आपण होऊन मिटता येत नाही.

ज्ञानूला वाटलं, बाईंनीच नवऱ्याच्या नावानं सही ठोकली. बाईंना वाटलं, ज्ञानूनं केली असेल. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. असं चोवीस महिने चाललं.

यंदाच्या उन्हाळ्यात, एका टळटळीत दुपारी, वच्छलाबाईंना धाप लागली. शेजारची मोनाली धावत मंडळाच्या खोलीवर आली. तिथं हौसराव आणि ज्ञानूबरोबर वैष्णवी होती. ती कारेगावच्या कारखान्यात कामाला आहे आणि मंडळात नवीनच आली होती. तिनं कपाट उघडलं. दोन्ही सिलिंडरचे काटे शून्यावर!

"आबा, हे भरायचं काम कुणाकडं हाय?" तिनं हौसरावांना विचारलं.

"प्रोसिडिंगात बघ की."

तिनं मला उघडलं. मागीलप्रमाणे. मागचं पान उलटलं, तिथंही मागीलप्रमाणे. ती भराभर मागं जाऊ लागली, पान फाटेल असं मला वाटलं. चोवीस पानांच्याही मागं गेल्यावर नाव सापडलं, आणि ते तिनं मोठ्यानं वाचलं : आण्णा.

मग वाऱ्यानं म्हणा किंवा कशानं म्हणा, माझी पानं पुढं सरकत कोऱ्या पानावर थांबली. ते कोरं नव्हतं. ओल्या शाईत लिहिलं होतं : 'तीनदा गेलो. सिलिंडर उचलत न्हाई. दुसऱ्याचं नाव लावा.'

ज्ञानू दाराकडं सरकला. "आबा... हे अक्षर..."

"अक्षर मागनं बघू!" वैष्णवी ओरडली. "टेम्पो काढा, आजी तिकडं गुदमरतीय!"

बाईंना शिरूरला दवाखान्यात नेलं. थोडक्यात वाचल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. माझी पानं भरलेली होती आणि सिलिंडर रिकामे.

बाई घरी आल्यावर शाळेच्या ओट्यावर खरी बैठक भरली. वैष्णवी म्हणाली, "एका कामाला दोन माणसं, दोघंबी समोर बसलेली पायजेत. कवापत्तूर करणार ती तारीख ल्ह्यायची. पुढच्या बैठकीत पयलं तेच इचारायचं. आन् मागीलप्रमाणे हा शब्द बंद." हौसराव खाली बघून म्हणाले, "चूक माझी हाय. लिहा तसं."

शेवटी आण्णांचं नाव कमी करायचा ठराव आला. सूचक कोण? कुणी हात वर करेना. सगळ्यांना भीती वाटत होती. मग वच्छलाबाई भिंतीला धरून उठल्या.

"सूचक मी."

त्यांनी पेन घेतलं आणि आण्णांच्या नावावर आडवी रेघ ओढली. "लई राबलात," त्या रडत म्हणाल्या. "मेल्यावरबी आमी तुमाला जुपलं व्हतं. आता जावा. हितलं आमी बघतो." माझं ते पान ओलं झालं आणि शाई पसरली.

तेव्हापासून माझ्यावर तशी सही झाली नाही.

मित्रांनो, तुमच्या मंडळाची, पतपेढीची, शाळेच्या समितीची माझ्यासारखी एक वही कपाटात असेलच. तिच्यावर नुसत्या सह्या करू नका. ती बैठकीत उघडा, कामासमोरचं नाव मोठ्यानं वाचा आणि जरा थांबा. कुणी ओ देतंय का ते ऐका. आणि ओ आली, तर मान वर करून बघा, ती कुणी दिली.