बाळकृष्णाचा झिजलेला चेहरा

मित्रांनो, मी आहे एक जुना, रांगता बाळकृष्ण. पितळेचा, तुमच्या अंगठ्याहून जेमतेम मोठा. हातात लोण्याचा गोळा आहे. चेहऱ्याचं काय झालं, ते सांगतो.

नागपुरात एका ओताऱ्याने मला साच्यात ओतलं. लग्नात मुलीला माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात ना, तसा मी अनसूयाबरोबर जबलपूरला आलो, तिच्या मांडीवर, रुमालात गुंडाळून. तिथल्या गढा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत भिंतीतला कोनाडा हाच आमचा देव्हारा. मला सगळ्याचंच कुतूहल. आज काय तळतायत? ही रडते काहून? अनसूया आंघोळ घालताना मला सगळं सांगायची. रागवायचीसुद्धा. "आलोकचा ताप उतरव म्हणलं होतं ना? झोपला होतास काय रे?" असं म्हणत चिंचेने, राखेने खसाखसा घासायची. मी लखलखलो की आपणच हसायची. अशी पन्नास वर्षं गेली.

त्याच वर्षांत तिचा मुलगा आलोक मोठा झाला, क्षमा सून होऊन आली, दुर्वा जन्मली. एका जन्माष्टमीला अनसूयाचे दीर बाबाराव देव्हाऱ्यापाशी वाकले.

"वहिनी, याचं नाक कुठाय? घासून घासून देवाचं तोंडच पुसलं तुम्ही! झिजलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. ग्वारीघाटला नर्मदाजीत सोडा अन् सदर बाजारातून नवी आणा."

सगळे हसले. अनसूया हसली नाही. त्या दिवसापासून तिने मला बोट लावलं नाही. आंघोळ क्षमा घालू लागली. मला कळेना, इतक्या मायेने केलेलं चुकतं कसं?

टपोऱ्या डोळ्यांचा नवा बाळकृष्ण आला. मग एका सकाळी मला घेऊन तिघी ग्वारीघाटच्या पायरीवर बसल्या.

"आजी, हा भूखा जाणार?" सहा वर्षांच्या दुर्वाने पेढ्याचा कण मोडला. "पर इसका मुँह कुठे आहे?"

अनसूयाने डोळे मिटले. माझ्या सपाट चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "हे बघ, इथं तोंड. जरा डावीकडे, हसू दाबल्यासारखं. हा गाल. नाक बसकंच होतं, तुझ्यासारखं."

"अन् डोळे?"

"इथं. माझ्याकडेच बघून राहिलाय."

मीही कान देऊन ऐकत होतो. मला माझा चेहरा कधी कुणी सांगितलाच नव्हता.

दुर्वाने नेमक्या जागी पेढा लावला. अनसूयाने माझ्याभोवती मूठ मिटली.

"आई, सोडायचं ना?" क्षमाने हळूच विचारलं.

"कुणाला? चांगले नाकडोळे आहेत त्याला. बाबारावांना मी बघते. चलो, घरी."

आता देव्हाऱ्यात आम्ही दोघं आहोत. नव्याला दुर्वा न्हाऊ घालते. मला अनसूया, नुसत्या पाण्याने. मऊ फडक्याने टिपते आणि पुन्हा रागवते.

मित्रांनो, घरातल्या पितळेला जपून घासा. आणि एकदा आपल्या आजीला डोळे मिटून विचारा, "आपला देव दिसतो कसा?" ती सांगू लागली की हळूच डोळे उघडा आणि तिच्याकडे बघा.