दानीएलाचा तेरावा अध्याय

सोजराबाईंना ख्रिस्ती मंडळीतून बंद केलं ते सत्त्याण्णवच्या चैत्रात. न्हावऱ्याच्या लहानशा चर्चमध्ये त्या एकोणीस वर्षं शब्बाथशाळा घेत होत्या. दर रविवारी मुलांना बायबल शिकवायचं, वचनं पाठ करून घ्यायची. स्वतः चौथी शिकलेल्या, पण बायबलमधल्या कुठल्या पुस्तकात किती अध्याय, हे त्यांना कधीही विचारावं.

त्यांच्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. भावकीतले बाकीचे सगळे अजून बिरोबाचे. त्या वर्षी बिरोबाची यात्रा झाली आणि मंडळीचे दोन पंच, हौसराव आणि म्हाळू, चर्चच्या पाळकांकडे गेले. म्हणाले, सोजराबाईनं देवळात नारळ फोडला, कपाळाला भंडारा लावून घेतला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

सोजराबाई त्या दिवशी गोठ्यातून हलल्या नव्हत्या. म्हैस विताना अडली होती. तरी त्या घाबरल्या नाहीत, कारण पाळक भिमाजीसाहेब त्यांना ओळखत होते. नवरा गेला तेव्हा त्यांनीच आधार दिला, मुलीचं, सविताचं, लग्नही त्यांनीच लावलं. साहेब नीट चौकशी करतील, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

पाळकांनी दोन्ही पंचांना शेजारी शेजारी बसवून विचारलं. हौसराव बोलला, म्हाळूनं मान हलवली.

"दोन साक्षी आहेत, बाई," पाळक म्हणाले. "माझा इलाज नाही."

चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, ते प्रभुभोजन त्यांना बंद झालं. शब्बाथशाळा हौसरावच्या सुनेकडे गेली. विहिरीवर मंडळीतल्या बाया त्यांना बघून घागरी लवकर भरू लागल्या.

दिवाळीनंतर सविता बाळंत झाली म्हणून सोजराबाई दौंडला गेल्या. दवाखाना कॅथलिक सिस्टरांचा होता. मुलीच्या उशाशी बसून त्या तोंडपाठ स्तोत्रं म्हणायच्या. एक वयस्कर सिस्टर ते ऐकत थांबायची. हळूहळू बोलणं वाढलं आणि एका दुपारी सोजराबाईंनी घडलेलं सगळं सांगितलं.

सिस्टरनं हातातली गोळ्यांची ताटली खाली ठेवली. मग म्हणाली, "दानीएलाचा तेरावा अध्याय वाचलाय तुम्ही?"

"दानीएलाचे बाराच हायेत, सिस्टर."

"तुम्हा प्रोटेस्टंटांकडं बारा. आम्हा कॅथलिकांकडं चौदा."

सोजराबाईंना वाटलं, सिस्टर चुकतेय. पण तिनं आपलं जाड बायबल आणलं आणि वाचून दाखवलं. दोन वडीलधारे पंच एका बाईवर खोटा आळ घेतात. सगळे विश्वास ठेवतात. तिला मारायला नेतात. तेवढ्यात तरुण दानीएल पुढं येतो आणि पंचांना वेगवेगळं करून एकच प्रश्न विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलंत? पहिला एक झाड सांगतो, दुसरा दुसरंच. बाई सुटते.

"आजून काय काय हाय तुमच्याकडं?" सोजराबाईंनी विचारलं.

"सात पुस्तकं जास्त आहेत. आणि असे तुकडे."

त्यांनी तो अध्याय वहीत उतरवून घेतला. तीन दिवस लागले. मग एसटी पकडून त्या न्हावऱ्याला आल्या आणि थेट पाळकांच्या घरी गेल्या.

वही बघून भिमाजीसाहेबांनी चष्मा काढला. "हा भाग हिब्रूत सापडत नाही, बाई. ग्रीकमध्ये आहे. आपल्या पंथाच्या जुन्या लोकांनी हिब्रूतलं तेवढंच शास्त्र धरलं. आधी हे वेगळं काढून जुन्या आणि नव्या कराराच्या मधे छापायचे. पुढं छापायचंही सोडलं. वाचायला चांगलं, पण शास्त्र म्हणून नाही."

"तुमी वाचलंवतं?"

"कॉलेजात. हो."

"मंग त्या दिशी, ती दोघं तुमच्याम्होरं बसली तवा, आठवलं न्हाई का?"

 आतून पाळकांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती परत आत गेली.

"आठवलं होतं," ते म्हणाले. "पण हौसरावला खोटं पाडलं असतं तर निम्मी मंडळी उठून गेली असती. ती सगळी त्याचीच माणसं आहेत."

सोजराबाईंना हौसरावचा कधी एवढा राग आला नव्हता. तो तसाच होता, सगळ्या गावाला माहीत होतं. पण समोर बसलेला हा माणूस पंधरा वर्षं त्यांच्या हातचा चहा पीत आला होता. ज्या बायबलमधलं अक्षर न् अक्षर त्यांनी खरं मानलं, त्यातलं काय आत आणि काय बाहेर, हे यांना ठाऊक होतं. आणि सोजराबाईंवर वेळ आली तेव्हा यांनी त्यांनाही बाहेर ठेवलं होतं.

"आता विचारा. दोघांना येगळं येगळं," त्या म्हणाल्या.

"आता ते मिटलंय, बाई. कशाला परत?"

"माझं न्हाई मिटलं."

त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी दीर भैरूच्या हवाली म्हैस करून त्या स्टँडवर आल्या. पाळक तिथं उभे होते. हात जोडून म्हणाले, "माझं चुकलं, बाई. माफ करा."

"ह्येच रविवारी मंडळीम्होरं म्हणाल का?"

भिमाजीसाहेब रस्त्याकडे बघत राहिले. दौंडची गाडी आली. त्यांनी पिशवी उचलून द्यायला हात पुढं केला, पण सोजराबाईंनी ती स्वतःच वर घेतली.

त्या लेकीकडेच राहिल्या. दौंडमध्ये त्यांच्या पंथाचं चर्च होतं, सिस्टरांचंही होतं. दोन्हीकडून बोलावणं आलं. वर्षभर रविवारी त्या घरीच थांबल्या, नातवाला आंघोळ घातली, कपडे धुतले. सविता एकदा म्हणाली, "आई, निदान प्रार्थनेला तरी चल."

"जाईन कवातरी," त्या म्हणाल्या, आणि पिळे झटकून दोरीवर टाकत राहिल्या.