मालकांनी नापास केलेला कॅमेरा

भिंतीवरच्या त्या फोटोकडं बगू नका. फोटो आमच्या मालकांचाच हाय, पर त्यात मालक न्हाईत. आधार कार्डावरचा मोठा करून आणलाय. तोंड कसं, तर धरून आणलेल्या चोरावाणी! आन् जित्तेपणी ह्यो माणूस दिसभर हसायचा. शेरडांशी बोलताना हसायचा, माज्याशी भांडतानासुदिक हसायचा. मला त्याचा लई राग यायचा.

पुण्यात नोकरीला असलेली आमची लेक स्वप्नाली, तिच्या मोबाईलात व्हते की त्यांचे फोटो. त्यो मोबाईल पानशेतच्या पाण्यात पडला आन् समदं गेलं. दुसरा घेतला त्यो साधा, फोटो न निघणारा. म्हणून उन्हाळ्यात तिनं एक छोटा कॅमेरा आणला, कुणाचा तरी वापरलेला. म्हणाली, "आई, हा खिशात मावतो. तुमचे दोघांचे रोजचे फोटो काढायचे. सण नको, समारंभ नको."

"आण हिकडं, बगू दे," मालक म्हणले. वेल्ह्याच्या बाजारात कुणाला शेरडू घ्यायचं असलं की "म्हादूआण्णा, चला" म्हणून ह्यांना बोलावणं यायचं. दात बगून, पाठ चाचपून ह्यांनी सांगितलं की झालं, त्यावर कोण बोलायचं न्हाई. कॅमेरा पण तसाच हातावर तोलला. बटण दाबल्यावर त्याचं नळकांडं बाहेर आलं, तवा म्हणले, "तोंड बरं हाय. अंगानं हलकं हाय. आता चालवून बगू."

मग काय! धुतलेलं धोतर, लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. बाजेवर ताठ बसले, हात गुडघ्यावर, ओठ मिटलेले. आमच्यात फोटोला असंच बसत्यात. दात दाखवले तर लोक येडं म्हणत्यात.

स्वप्नाली बटण दाबतीय, म्होरला दिवा लुकलुकतोय, फोटो काय निघत न्हाई. ती म्हणतीय, "बाबा, हलू नका," की हे आणखीनच ताठ! मग मला बसवलं. म्या डोईवर पदर घेऊन दगडावाणी बसले. न्हाईच निघाला.

शेवटी मालकांनी निकाल दिला. "दिसायला गुणी, पर अंगात खोट हाय. माघारी देऊन टाक."

पोरीनं कॅमेरा बंद करून पिशवीत टाकला. तवा हे काय म्हणावेत? "मला बगून लाजलं गं बिचारं!" आमी पोट धरून हसलो, आन् सगळ्यात जास्त हेच हसले.

भादव्यात मालक गेले. रानातनं आले, छातीत कळ आली म्हणले आन् वट्यावर बसले. वेल्ह्याच्या दवाखान्यात न्हेईस्तोवर समदं संपलं. भिंतीला लावायला फोटो हुडकला, तर आधार कार्डाशिवाय काय गावलंच न्हाई.

दिवाळीला स्वप्नाली आली. कॅमेरा तिनं माघारी दिलाच नव्हता. माज्या गळ्यात पडून रडायला लागली. "आई, त्यात खोट नव्हतीच गं. दुकानात दाखवला मी. आधी ज्याचा होता, त्यानं तसं लावून ठेवलं होतं. समोरचं माणूस हसलं की फोटो आपोआप निघतो. नाही हसलं तर नाही."

जल्मभर हसला ह्यो माणूस, आन् तेवढी घटकाभर तोंड आवळून बसला! असा संताप आला मला. त्यांचा आला का माजा, ते काय कळलं न्हाई.

"ते बंद करते मी," स्वप्नाली म्हणाली. "तुझा तरी काढू दे."

"राहू दे तसंच. काढ."

तिनं कॅमेरा धरला. "हस गं आई." म्या हसायला बगितलं. मालकांचं ते लाजण्याचं बोलणं आठवलं, हसू यायला लागलं, आन् मधीच तोंड वाकडं झालं. दिवा लुकलुकत राहिला. फोटो निघाला न्हाई.

कॅमेरा म्या हितंच ठेवून घेतलाय. चालू करायला शिकले. घरात कोण नसलं की भिंतीपुढं जाते, त्यांच्या फोटोसमोर धरते आन् म्हणते, "अवो, हसा की आता. गुणी हाय त्यो."