गल्ल्यांचा तक्ता

पुराची सूचना देणाऱ्या आमच्या यंत्राची बातमी मंगळवारी जाकार्तातल्या अकरा वृत्तपत्रांत आली आणि बुधवारी सकाळी बसवलेल्या चाळीसपैकी एकतीस यंत्रे तांदळाच्या पोत्यांत भरून कार्यालयाच्या दाराशी ठेवलेली सापडली. एकही बिघडलेले नव्हते. पावसाळाभराच्या नोंदी मिळाल्या नाहीत, तर कंपनी बंद होणार होती.

प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या वेनिंगताई कात्रणे चिकटवत होत्या. "अकरा पेपरांत बातमी आणून दिली. आता कसला सुतकी चेहरा?"

मी पोती दाखवली आणि यंत्रे जिथे बसवली होती त्या नदीकाठच्या वस्तीत गेलो. वस्तीप्रमुख सुगेंगकाकांनी कॉफी पुढे केली.

"फार हुशार बाबा तुम्ही लोक. पेपर वाचून माझे दोन्ही भाडेकरू गेले. आमच्याकडे पाणी येतं, हे एरवी भाडेकरूला पाणी आल्यावरच कळतं."

परतून मी प्रसिद्धिपत्रक वाचले. वेनिंगताईंनी ‘नदीकाठची एक वस्ती’ एवढेच लिहिले होते. मला ते मोघम वाटले होते, म्हणून गल्ल्यांची नावे आणि प्रत्येकीत चढणाऱ्या पाण्याची उंची देणारा तक्ता मी स्वतः जोडला होता. अकराही वृत्तपत्रांनी तो जसाच्या तसा छापला होता.