पायगुण

"आता बघा हं, काका," म्हणत मिस्त्रीने मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात नेली आणि ब्रेक दाबला. स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरू लागलं. दारातली पाण्याची बाटली खडखडली आणि थांबता थांबता गाडी किंचित डावीकडे ओढली गेली.

"पुढच्या चाकांत आहे. मागे असतं तर सीट हादरली असती."

"चाकांत नाही हो, पायात आहे," शेजारी बसलेला नवरा म्हणाला आणि मान न वळवता त्याने अंगठा मागच्या सीटकडे केला. "आमच्या हिचा पायगुण!"

मिस्त्री हसला. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसावंच लागतं. ती मागे पर्स मांडीवर घेऊन बसली होती. हा विनोद तिने जावयासमोर ऐकला होता, शेजाऱ्यांसमोर ऐकला होता, आणि एकदा तर घरात तिसरं कुणी नसतानाही.

आज तिला कुणी बोलावलं नव्हतं. गाडी बघायला आलेला माणूस एक चक्कर मारून "थरथरतेय" म्हणत परत गेला होता. विकण्याआधी दुरुस्त करून घेऊ, म्हणून नवरा निघाला, तेव्हा ती चप्पल घालून मागे येऊन बसली. चूक कुणाची ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिने सगळी नोकरी काढली. लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि आपण मधून बाजूला व्हायचं. निवृत्त झाल्यावर ती गाडी शिकली. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. तासाभराच्या अंतरावर थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. दर गुरुवारी ती गाडी घेऊन जायची, बहिणीचे केस धुवायची, नखं कापायची, आणि दोघी दार लावून खिदळायच्या.

मग गाडी थरथरायला लागली. "जळका वास येतो हो," असं तिने आधी दोनदा सांगितलं होतं. "हँडब्रेक काढायला विसरत असशील," एवढंच नवरा म्हणाला. तो हिशेबतपासनीस होता. चूक सापडली की ती कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्याने दुसऱ्या एका गॅरेजात नवे ब्रेक पॅड बसवून घेतले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. "ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस. उद्या कुणाला तरी उडवशील."

तो तिला बहिणीकडे दोनदा घेऊन गेला आणि दोन्ही वेळा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिला. एकदा ती दोन बस बदलून गेली, तर आठवडाभर गुडघा टम्म सुजला. "कधी येतेस गं?" बहीण फोनवर विचारायची. "गाडी नीट झाली की येतेच बघ," ही सांगायची. अशातच काही महिन्यांत बहीण गेली. फोन भाचीचा आला.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली. डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "बापरे! काकू, लांब राहा, भाजेल. आता उजवं बघा, नुसतं कोमट आहे."

पुढची दोन्ही चाकं काढून त्याने पॅड बाहेर ओढले आणि उजेडात धरले. "हे कधी बदलले होते?"

"एवढ्यातच," नवरा म्हणाला.

"डावा पार संपलाय की. उजवा अजून नव्यासारखा. मधे काकू चालवत होत्या का?"

नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला.

"नाही," ती म्हणाली. "किल्ली ह्यांच्याकडेच होती."

"म्हणजे काका, पायगुण तुमचाच निघाला!" मिस्त्री मोठ्याने हसला. दुसरं कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याने घाईने खाली बघून पेचकस घातला. "थट्टा केली हो. कुणाच्याच पायाचा दोष नाही. ही पिन बघा, ब्रेक हिच्यावर मागेपुढे सरकतो. रबर फाटलं, पाणी गेलं, गंजली. ब्रेक दाबला की पॅड चाकाच्या डिस्कला धरतो, पण पाय काढला तरी सोडत नाही. घासून घासून डिस्क तापते, वाकते, मग थरथर. आधी जळका वास आला असेल."

"आला होता," ती म्हणाली.

"मग त्या आधीच्या मेकॅनिकने बघायला नको?" नवऱ्याचा आवाज चढला. "नुसते पॅड बदलून मोकळा झाला! मी तेव्हाच म्हणत होतो, गाडीतच काहीतरी आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हे मनापासून बोलत होता.

मिस्त्रीने दोन्हीकडच्या डिस्क नव्या घातल्या, पॅड बदलले, पिना साफ करून ग्रीस लावलं, रबरं नवी बसवली. चाक हाताने फिरवलं, ते कितीतरी वेळ आपोआप फिरत राहिलं. ती ते थांबेपर्यंत बघत होती.

निघताना नवऱ्याने खिशातून किल्ली काढली आणि रस्त्याकडे बघत तिच्यापुढे धरली. "तू घे. बघ तरी, कशी झालीय."

तिने सीट पुढे ओढली, आरसा वळवला. इतक्या दिवसांनी क्लच थोडा चुकला. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखा बसला होता.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. तिने ब्रेक दाबला. गाडी कुठेही न थरथरता रेषेच्या अलीकडे थांबली.

"वा," तो म्हणाला. मग, "मी काय म्हणतो, विकायला नको. राहू दे गाडी. तुला जायला-यायला होईल."

"कुठे?"

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं.

टिक-टिक आवाज येत होता. उजवीकडचा इंडिकेटर चालू होता. बहिणीच्या गावाचा रस्ता या चौकातून उजवीकडे वळायचा. हाताने कधी दांडी खाली केली ते तिला कळलंच नव्हतं.

हिरवा दिवा लागला. मागच्याने हॉर्न दिला. तिने इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घराकडे घेतली.